दिव्यातलं दव

साटमबाईंना एका ड्रायव्हरने चोर समजून हटकलं, तेव्हा मी तिथेच होते.

आमच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरच्या मुलीचं लग्न होतं. जूनअखेरचा मुहूर्त, वसई पश्चिमेचा हॉल, आणि सकाळपासून पावसाची झोड. जेवणं उरकून मी आणि माझे मिस्टर बाहेर आलो तर पाऊस नुकताच थांबलेला. आवारात पाहुण्यांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि ओळीच्या टोकाला एक उंच, किडकिडीत बाई ओणवी होऊन एकेका गाडीचा इंडिकेटर रुमालाने पुसत होती. पुसायची, आत डोकावायची, स्वतःशीच मान हलवायची आणि पुढच्या गाडीकडे जायची. अंगावर चांगली निळी सिल्कची साडी आणि तिचे काठ चिखलात.

"कोण गं ही?" मिस्टरांनी विचारलं.

"आमच्या साटम मॅडम. क्वालिटीच्या."

तेवढ्यात एका गाडीचा ड्रायव्हर पान थुंकून धावत आला. "ओ बाई, काय चाललंय गाडीला?"

बाई सरळ झाल्या. "तुमच्या डाव्या इंडिकेटरमध्ये पाणी साचलंय."

"साचू दे ना. बरसात आहे."

"साचू कसं द्यायचं? तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला दिसायला नको?"

ड्रायव्हर वाकून दिव्याकडे बघायला लागला. बाईंनी अंबाड्यातली एक पिन काढली, दिव्याच्या खालच्या बाजूला चाचपलं आणि चिखलाने बुजलेलं बारीक छिद्र पिनेने मोकळं केलं. दिव्यातलं पाणी टपटप खाली पडलं. "हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. बुजू द्यायचं नाही," असं त्याला सांगून त्यांनी पिन रुमालाला पुसली आणि परत केसांत खोचली. मग आमच्याकडे लक्ष गेल्यावर एकदम संकोचल्या. "जेवलात ना? मठ्ठा छान होता," म्हणाल्या, आणि रिक्षा शोधायला निघूनही गेल्या. लग्नाला त्या एकट्याच आल्या होत्या. त्या सगळीकडे एकट्याच येत.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचा कारखाना वालीवला होता. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराचे दोन गाळे. समोर खड्ड्यांचा रस्ता, पलीकडे रंगाचा कारखाना. वारा तिकडून आला की डब्यातल्या भाजीलाही रंगाचा वास यायचा. आम्ही मोटारींचे इंडिकेटर बनवायचो. काळं प्लॅस्टिकचं खोकं, त्यात बल्बची बैठक, आणि वर नारिंगी झाकण गोंदाने चिकटवायचं. माझं काम डिस्पॅचचं, म्हणजे माल गेला, माल आला, गाडी कधी सुटली हे बघायचं. मूळची मी सिंधुदुर्गातली. लग्नानंतर वसई पूर्वेच्या नव्या वसाहतीत राहायला आले आणि घराजवळ नोकरी मिळाली म्हणून या गाळ्यात आले. साटमबाई त्याच वसाहतीत, माझ्या दोन बिल्डिंगी पलीकडे राहायच्या. पण हे मला नोकरी लागून बरेच महिने झाल्यावर कळलं, कारण कारखान्यातून सुटल्यावर त्या कोणाबरोबर चालत नसत.

बाई फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या. आधी मुंबईत बल्बच्या कारखान्यात होत्या, तो बंद पडला. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. एकदा दुसऱ्याच कोणत्या तरी विषयात त्या "राहून गेलं" असं म्हणाल्या, आणि मला उगाच वाटलं की हे त्याचंच उत्तर असावं. भावांची शिक्षणं, आईचं आजारपण, मग परळच्या खोलीत भावजयांना जागा कमी पडायला लागली, तसा यांनी वसईला छोटा फ्लॅट घेतला. एवढंच मला ठाऊक होतं. वय पन्नाशीच्या आसपास. चष्म्याची दोरी गळ्यात. चालताना मान थोडी पुढे, जणू समोर काहीतरी वाचायचं आहे.

कारखान्याच्या कोपऱ्यात त्यांची टेस्टिंगची खोली होती. तिथे पत्र्याच्या पेटीत दिव्यांवर पाण्याचे फवारे मारत, छोट्या भट्टीत दिवे तापवत, मग गार करत. आणि गार झाल्यावर झाकणाच्या आतून दव धरतंय का, ते बघत बसत. बाहेरून पाणी शिरलं तर चूक लगेच सापडते, असं त्या म्हणायच्या. सांध्यातलं रबराचं गॅस्केट नीट बसलं नाही, गोंद कमी पडला, काहीतरी दिसतंच. पण दिव्यातली हवाच दमट असेल, तर कुठे फट नसतानाही आतून धुकं धरतं. बल्ब लागला की हवा तापते, विझला की गार होते, आणि तिच्यातला ओलावा नारिंगी झाकणाला आतून चिकटतो. आमच्या वसईत तर अर्धं वर्ष हवा पिळून काढावी अशी. खाडी एका बाजूला, समुद्र दुसऱ्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी काहीही सांगितलं की त्या चष्मा वर सरकवून विचारायच्या, "पाहिलंस का, की मानलंस?" मी सांगायचे, मॅडम, टेम्पो निघाला. "पाहिलंस का, की मानलंस?" मी खिडकीशी जाऊन बघायचे, तर टेम्पो अजून गेटात आणि ड्रायव्हर चहा पितोय. शेठ म्हणाले, गोंद मागच्यासारखाच आहे, तर त्यांनाही तेच. शेठना "अहो-जाहो" लावून, पण तेच. शेठ हसायचे. माणूस वाईट नव्हता, पण धंद्यात चिंता फार आणि कान हलके.

बाई रोज एक लाल थर्मास घेऊन यायच्या. चहाच्या सुट्टीत आम्ही सगळे टपरीवरचा पाणचट चहा प्यायचो आणि बाई थर्मास घेऊन आपल्या खोलीत जायच्या. आम्हाला वाटे, घरचा चांगला चहा आणतात आणि कोणाला देत नाहीत. एकदा माझं डोकं फार दुखत होतं. धीर करून मी त्यांच्या दारात गेले. "मॅडम, घोटभर चहा मिळेल का तुमच्यातला?"

त्या गोंधळल्या. "चहा? माझ्याकडे कुठला?"

"थर्मासात..."

त्यांनी थर्मासचं झाकण उघडून तो माझ्यापुढे धरला. आत बर्फाचे तुकडे होते. घरच्या फ्रीजमधून रोज आणत असत. तापवलेल्या दिव्याच्या झाकणावर बर्फाचा तुकडा ठेवला की आतल्या हवेत किती ओलावा आहे ते लगेच कळे. तुकड्याखाली आतून पांढरट गोल उमटायचा. त्यांनी मला तो दाखवलादेखील, आणि मी डोकेदुखी विसरून तो गोल मोठा होताना बघत राहिले. मग त्यांनी बर्फाचा एक तुकडा स्वच्छ रुमालात बांधून माझ्या कपाळाला लावायला दिला. "बस इथे. दार लावून घेते, आवाज नको." त्या दिवशी मी त्यांच्या स्टुलावर अर्धा तास बसले, आणि तेवढा वेळ त्या उभ्या राहून काम करत होत्या. खोलीत दुसरं स्टूल नव्हतं.

रविवारी त्या निर्मळला जात. देवळाच्या तळ्याकाठी थोडा वेळ बसायचं आणि येताना एखाद्या वाडीतून केळी, भाजी, चाफ्याची फुलं आणायची. केळ्यांची अख्खी फणी आणायच्या, एकट्या माणसाला. सोमवारी त्यातली बहुतेक वर्तमानपत्रात गुंडाळून कारखान्यात यायची. गोंदाच्या टेबलावर पुडकं ठेवून बाई म्हणत, "पिकली होती. फुकट जातील, म्हणून आणली." एकदा केळी चक्क हिरवी होती, तरी तेच म्हणाल्या. गोंदाच्या टेबलावरच्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या.

या पोरी बहुतेक जूचंद्रच्या. शेतकऱ्या-मिठागरवाल्यांच्या घरातल्या सुना आणि लेकी. रोज नायगावच्या बाजूने शेअर टेम्पोने यायच्या. त्यांची पुढारी भारती म्हात्रे. रुंद हाडाची, मोठ्या आवाजाची, गोंद लावायला हात इतका बेताचा की रेघ आखल्यासारखी. नवऱ्याचं मिठागरावरचं काम सुटलेलं आणि पदरात लहान मुलगी, त्यामुळे घर तिच्या या नोकरीवर. भारती साटमबाईंना "बाय" म्हणायची. दुपारी पोरी गाळ्याच्या मागच्या ओट्यावर गोल करून जेवायच्या. वाटेत बाईंच्या खोलीचं दार. भारती रोज दारात थांबून म्हणायची, "बाय, चला जेवाला."

"तुम्ही बसा. माझं चाललंय अजून," असं बाई रोज म्हणायच्या, आणि मग भिंतीकडे तोंड करून एकट्याच जेवायच्या. मला एकदा भारती म्हणाली, "त्यांना आमचा वास येतो का काय?" मी म्हटलं, तसं नाही गं. पण कसं, ते मलाही सांगता आलं नाही.

मग तो पावसाळा आला.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मोटारी बनवणारी एक कंपनी. उन्हाळ्यात त्यांची तक्रार आली होती की दिव्यात धूळ जाते. ती काहीतरी करून मिटली आणि माल जात राहिला. जुलैत मात्र माल परत यायला लागला. खोकी उघडावीत तर नारिंगी झाकणाच्या आत धुकं, काहींत थेंब. पहिल्यांदा थोडी खोकी आली, मग टेम्पो भरून. गाळ्याच्या दारात परत आलेल्या मालाची थप्पी छपराला लागली आणि मला डिस्पॅचला पाठवायला काही उरलं नाही. नवीन माल घेणार नाही, असा कंपनीचा फोन आला. शेठ दिवसभर टेलिफोनजवळ बसून राहिले. संध्याकाळी बाहेर येऊन त्यांनी गोंदाच्या टेबलाकडे बोट केलं.

"बातां करते रहते हैं सब. गोंद नीट लावत नाय. हात घामाचे. सोमवारी त्यांचे साहेब येतात, त्यांच्यासमोर मी पूरा टेबल बदलून दाखवतो. नवीन मुली आणतो."

भारती उठून उभी राहिली. "शेठ, आमचे हातचं काम बगा ना तुमी. कुठं फट हाय ती दाखवा."

"पाणी आत गेलं ना? मग फट असेलच."

साटमबाई आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी परत आलेल्या दिव्यांपैकी काही उचलून पिशवीत भरले. मला म्हणाल्या, "शुभांगी, माझ्याच बाजूला राहतेस ना? ही दुसरी पिशवी धरशील?" त्या वेळी मला कळलं की मी कुठे राहते, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या घरी मी गेले ती दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी. त्यांनीच बोलावलं होतं, दिवे धरायला. दोघी खालीच भेटलो. त्या भाजी घेऊन येत होत्या. जिना चढून दारापाशी आलो, तर आतून माणसाचा आवाज. मी दचकले. "कोणी आलंय का मॅडम?"

"रेडिओ आहे," कुलपात किल्ली घालत त्या म्हणाल्या. "बाहेर जाताना चालूच ठेवते. कुलूप उघडताना आतून कोणी बोलत असलं की बरं वाटतं."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, दूध कुठून घेते हे सांगावं तसं. मला चपला काढायला नको इतका वेळ लागला.

घर लखलखीत. आईचा फोटो, त्याला चाफ्याचं फूल. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोटारीची जुनी बॅटरी आणि तिला जोडलेले दिवे. बाईंनी दिवे लावले, तापू दिले, विझवले, बर्फ ठेवला. एकेक झाकण आतून पांढरं होत गेलं. मग त्यांनी गोंदाची कड भिंगातून तपासली. एका दिव्यावर नाही, सगळ्या दिव्यांवर. बराच वेळ झाला. शेवटी म्हणाल्या, "कड उत्तम आहे. एवढी सुंदर कड मी मुंबईच्या कारखान्यातसुद्धा पाहिली नाही. पाणी बाहेरून आलेलंच नाही."

त्यांनी एक दिवा उलटा केला. मागच्या बाजूला वरच्या अंगाला काळ्या चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा होता. नखाने तो सोलून काढला. खाली छिद्र होतं. मग तो दिवा पुन्हा लावला. बाजूला चिकटपट्टी न काढलेला दुसरा. मी दोन्ही बघत होते. पट्टी काढलेल्या दिव्यातलं धुकं कडेने विरायला लागलं, आणि भाजी निवडून होईस्तोवर झाकण स्वच्छ झालं. दुसऱ्यातलं धुकं तसंच राहिलं, त्याचे थेंब झाले आणि थेंब ओघळून तळाशी जमले.

बाईंनी गॅस नव्हता लावलेला, तरी गॅसचं बटण बंद आहे का ते पाहिलं. मग स्टुलावर बसल्या.

"ही पट्टी मी लावायला सांगितली," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"धुळीची तक्रार आली ना, तेव्हा. दिव्याला दोन छिद्रं असतात. खालचं पाणी जायला, वरचं हवा खेळायला. धूळ वरच्यातून जात होती. म्हटलं, वरचं बंद करू, खालचं पुरे आहे. मे महिन्यात तपासलं, सगळे पास झाले. कोरडी हवा होती. पावसाळ्यातही होतील, असं..." त्यांनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला. "पाहिलं नाही मी, शुभांगी. मानलं."

रेडिओवर कोणीतरी खतांविषयी बोलत होतं. मी म्हटलं, "मॅडम, मग सोपं आहे. उद्यापासून पट्टी लावू नका म्हणून सांगा. झालं. कोणाला कळायचंसुद्धा नाही."

"आणि मुली?"

मी हातातला दिवा ओट्यावर ठेवला.

"शेठ माणूस शोधताहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना एक नाव पाहिजे साहेबांना सांगायला. मी नाही बोलले तर भारतीचं सांगतील."

"पण तुमची नोकरी..."

त्यांनी उठून माझ्यासाठी पोहे केले. वर खोबरं किसून घातलं, आणि मी खात असताना समोर बसून राहिल्या. मला आणखी वाढलं, आणखी एकदा वाढलं. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "येत जा कधी." मग घाईने, "वेळ असला तर."

सोमवारी कंपनीचे साहेब आले. पांढरा शर्ट, हातात परत आलेला दिवा. शेठने सगळ्यांना गोंदाच्या टेबलाजवळ उभं केलं. पोरी भिंतीला लागून, भारती सगळ्यांत पुढे, हात पाठीमागे. शेठ सांगू लागले की आम्ही कारण शोधलंय, हाताचं काम कच्चं होतं, हे टेबल आजपासून...

"एक मिनिट," साटमबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज कधीच मोठा नव्हता. तेव्हाही झाला नाही. त्यांनी ते दोन दिवे टेबलावर ठेवले, बॅटरी जोडली आणि काय झालं ते साहेबांना क्रमाने सांगितलं. धूळ, पट्टी, मे महिना. "गोंदाचं काम निर्दोष आहे. चूक टेस्टिंगची आहे. टेस्टिंग माझ्याकडे आहे."

शेठ मध्येच म्हणाले, "मॅडम, आपण आत बसून बोलू."

"आत कशाला? या सगळ्यांना बाहेर उभं केलंय ना?"

साहेबांनी दिवा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "तुमच्या लक्षात यायला हवं होतं," ते इंग्रजीत म्हणाले.

"हो," बाई मराठीत म्हणाल्या. "यायला हवं होतं."

पोरींचं टेबल राहिलं. कंपनीने माल पुन्हा घ्यायचं कबूल केलं, पण टेस्टिंगवर दुसरा माणूस हवा, अशी अट घातली. शेठने बाईंना आत बोलावलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं की महिनाअखेरपर्यंत आहे.

तो महिना त्या जितकं काम करत होत्या तितकं मी कोणालाच करताना पाहिलं नाही. वरच्या छिद्रावर पट्टीऐवजी रबराची छोटी वाकडी नळी बसवली, तोंड खाली केलेली, म्हणजे धूळ-पाणी शिरणार नाही आणि हवा मात्र ये-जा करील. खोकी आणि झाकणं चिकटवण्याआधी भट्टीत कोरडी करून घ्यायची, गरम असतानाच गोंद लावायचा, हे नवीन ठरवलं. भारतीला जवळ बसवून बर्फ कसा ठेवायचा, किती थांबायचं, काय बघायचं ते शिकवलं. बाहेर पाऊस कोसळत होता, भिंतींना ओल आली होती, रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटत होती, आणि आमच्या दिव्यांची झाकणं आतून कोरडी. परत येणारा माल थांबला. गाळ्याच्या दारातली थप्पी गेली. शेठने मात्र त्यावर एक शब्द काढला नाही, आणि निरोपसमारंभाचंही नाव घेतलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी भारती नेहमीसारखी दारात थांबली. "बाय, चला जेवाला."

बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा..." आणि पुढचं बोलल्याच नाहीत.

भारती आत गेली. बाईंचा डबा उचलला आणि घेऊन चालू लागली. "आज मी नाय ऐकनार."

बाई तिच्यामागून ओट्यावर आल्या. पोरींनी सरकून जागा केली. भारतीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी त्यांच्या झाकणात वाढली. बाई मांडी घालून बसल्या, उंच असल्यामुळे त्यांना नीट बसता येईना. पहिला घास घेतला, आणि कोणी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "आईच्या हातची अशीच असायची." मग पोरी बोलायला लागल्या. कोणाची सासू, कोणाची म्हैस, जूचंद्रच्या शाळेत दिवाळीला रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं त्यात भारतीच्या एवढ्याशा मुलीनेही रांगोळी काढायचा हट्ट धरलाय, असं सगळं. बाई ऐकत होत्या. एक पोरगी म्हणाली, "बाय, या ना दिवालीला बगाला." भारती म्हणाली, "शालेच्या समोरच घर हाय माझं. हिरवा दरवाजा. कोनाला पन विचारा."

"येईन," बाई म्हणाल्या.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. शेठने दारातून एकदा डोकावलं आणि आत गेले.

त्यानंतर बाईंनी दुसरी नोकरी केली नाही. करायची होती, पण त्या वयात कोणी घेतलं नाही. सुरुवातीला मी त्यांच्याकडे जात असे. दारापाशी रेडिओचा आवाज आला तरी बाई घरात असतील असं नसे, म्हणून मी बेल वाजवून वाट बघायचे. त्या सोसायटीच्या मुलांना फुकट गणित शिकवायला तयार होत्या, पण मुलं क्लासला जायची. गच्चीतली पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, सगळ्यांची त्या काळजी घ्यायच्या, आणि सोसायटीचे लोक त्यांना जिन्यात चुकवायचे. पुढे मला दुसरी नोकरी लागली, मुलगा झाला, आम्ही विरारला राहायला गेलो. भेटी सणावारी होऊ लागल्या, मग फोनवर. फोनवर त्या कधीच आधी ठेवत नसत. मग फोनही विरळ झाले.

भारतीशी मात्र माझं येणं-जाणं राहिलं. तिच्याकडे पुढे टेस्टिंगची खोली आली. तिने खोलीत आणखी दोन स्टुलं आणवली आणि पोरींना आळीपाळीने शेजारी बसवून काम शिकवलं. तिची मुलगी रांगोळीत तयार झाली. गावात तिचं नाव होऊ लागलं. एका दिवाळीत तिने मला प्रदर्शनाला बोलावलं. तोपर्यंत जूचंद्रला बिल्डिंगी उठायला लागल्या होत्या आणि माझ्याकडे मोबाइल आला होता, म्हणजे नवं शतक लागून काही वर्षं झाली असावीत.

संध्याकाळची वेळ. भारतीच्या ओटीवर मी फराळ करत बसले होते. भारती आत चहा टाकायला गेली होती. समोर शाळेच्या फाटकात गर्दी, वर दिव्यांच्या माळा, लाउडस्पीकरवर गाणी. लोक रांगेने आत जात होते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होते. बाहेर पडणाऱ्यांत मला साटमबाई दिसल्या. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती, पण उंची लपत नव्हती. हातात पर्स, अंगावर चांगली साडी. एकट्याच. फाटकाबाहेर येऊन त्या कडेला थांबल्या आणि समोर बघत राहिल्या. मला वाटलं, आता रस्ता ओलांडून येतील. मी ताट खाली ठेवलं. दिवेलागण झाली होती, पण मी बसले होते तो कोपरा अंधारात होता.

त्यांनी रस्त्यात एक पाऊल टाकलंही. मग एक शेअर रिक्षा आली. रिक्षावाला "स्टेशन, स्टेशन" ओरडला. बाई त्याच्याकडे वळल्या.

मी उठून हाक मारली. "मॅडम! साटम मॅडम!" लाउडस्पीकरपुढे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्या रिक्षात बसल्या, मांडीवर पर्स घेतली, दुसऱ्या बाईला जागा करून द्यायला आत सरकल्या, आणि रिक्षा निघाली.

माझी हाक ऐकून भारती बाहेर आली. "कोनाला हाका मारतंस?"

"साटमबाई होत्या गं. रिक्षात बसल्या आत्ता."

भारतीच्या हातात चहाची गाळणी होती. ती तशीच घेऊन ती अनवाणी रस्त्यावर धावली. गर्दीतून वाट काढत पार नाक्यापर्यंत गेली. रिक्षा तोवर वळून गेली होती. नाक्यावर ती थोडा वेळ उभी राहिली, मग परत आली. शाळेच्या फाटकात प्रवेशाचे पास तपासायला बसलेल्या मुलाने तिला सांगितलं की त्या उंच आजी ना, त्या दर दिवाळीला येतात. भारतीच्या मुलीच्या रांगोळीपाशी फार वेळ थांबतात. मागचे लोक ओरडतात म्हणून मग त्यांना पुढे सरकवावं लागतं.

"दर वर्षी?" भारती मला म्हणाली. "आनि माझे घरी नाय येत? दहा पावलांवर घर! चाय पन नाय पिऊन जायाची?"

आम्ही त्याच आठवड्यात त्यांच्या वसाहतीत गेलो. फ्लॅटला कुलूप होतं आणि आत शांतता होती. शेजारणीने सांगितलं, गेल्याच आठवड्यात भाचीकडे सांगलीला सामान गेलं, त्या स्वतः परवा गेल्या. फ्लॅट विकला. पत्ता? नाही, पत्ता काही ठेवला नाही. शांत होत्या हो बिचाऱ्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी भारती ओटीच्या पायरीवर बसली. तळव्याला लागलेली खडी तिने झटकली. आत चहा उतू गेल्याचा वास येत होता, तरी ती उठली नाही.

"जाताना मागं बगलं का त्यांनी?" तिने विचारलं.

"बघितलं," मी म्हटलं.

तिला वाटलं असेल, मी समजूत घालतेय. पण ते खरं होतं. रिक्षा सुटल्यावर साटमबाईंनी मान बाहेर काढून मागे पाहिलं होतं. शाळेकडे नाही, रांगोळीला लागलेल्या रांगेकडे नाही. त्यांनी भारतीच्या हिरव्या दरवाजाकडे पाहिलं होतं. दरवाजा सताड उघडा होता, आतला दिवा लागलेला होता, आणि दारात तेव्हा कोणीच नव्हतं.